आधी लोणच्यात, मग तोंडात

दातांच्या दवाखान्यात पाऊल टाकलं की लवंगेच्या तेलाचा वास येतो. आमच्या सरांच्या दवाखान्यात लिंबाच्या लोणच्याचा यायचा. औरंगपुऱ्यातल्या एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर दवाखाना होता, आणि रस्त्याकडच्या खिडकीत लोणच्याच्या काचेच्या बरण्या उन्हात मांडलेल्या असायच्या. नवा पेशंट आधी बरण्यांकडं बघायचा, मग दारावरच्या पाटीकडं, आणि शेवटी माझ्याकडं. आपण चुकून एखाद्या गृहउद्योगात तर शिरलो नाही ना, असा त्याचा चेहरा असायचा.

मी तेव्हा नुकतीच डेंटिस्ट झाले होते आणि फुलंब्रीहून रोज बसनं ये-जा करत होते. वेडेवाकडे दात तारा लावून सरळ करण्यात सरांचा हात धरणारं शहरात कोणी नाही, असं लोक म्हणायचे. मुलगी मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली शिकतेय म्हणून माझे वडील गावभर सांगत होते. पहिल्या आठवड्यात मी काय शिकले, तर बरणीत ओला चमचा घालायचा नाही.

बरण्यांचं प्रकरण असं होतं. दातांवर चिकटवायचे बारके ब्रॅकेट आणि त्यांतून ओवायची तार, यांचा नवा माल आला की सर त्यातले थोडे लोणच्यात बुडवून ठेवायचे. चांगले मुरू द्यायचे. मग बाहेर काढून, धुऊन, भिंगाखाली धरायचे. चांगलं स्टील घातलं तसं बाहेर यायचं. वाईट असलं तर तांबूस डाग पडलेले, कडा खाल्लेल्या. आमच्या धंद्यात नकली माल भरपूर. डबी हुबेहूब, शिक्का हुबेहूब, आणि आत काय असतं ते बनवणाऱ्यालाच ठाऊक.

"सर, याची तपासणी करायला प्रयोगशाळा असतात," मी एकदा म्हणाले. "मालाबरोबर सर्टिफिकेट येतं."

"सर्टिफिकेट कागदाचं असतंय डॉक्टरीणबाई. त्याला कुठं गंज चढतो?" सर म्हणाले. "तोंडात काय असतं? खारट, आंबट, ओल आन ऊब. बरणीत बी तेच. लोणच्यात पास झाला म्हणजे माल लई चांगला असं मी म्हणत नाय. पण लोणच्यात नापास झालेला तोंडात पास व्हणार नाय, हे लिहून घ्या. आधी लोणच्यात, मग तोंडात."

हे वाक्य ते दिवसातून निदान एकदा म्हणायचेच. लोणचं अर्थातच काकूंचं, म्हणजे सरांच्या बायकोचं. काकू दर वर्षी लोणचं घालायच्या आणि सर त्यातली बरणी उचलून दवाखान्यात आणायचे. कंटाळून काकूंनी बरण्यांवर खडूनं 'घर' आणि 'दवाखाना' असं लिहायला सुरुवात केली. त्यातही एकदा घोटाळा झालाच. जावई जेवायला आलेले असताना त्यांच्या ताटात दवाखान्याची बरणी गेली, आणि लिंबाच्या फोडीबरोबर त्यांच्या दाढेखाली एक ब्रॅकेट कचकन आलं. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर मात्र पाटावरून उठून जावयांच्या हातातलं ते ब्रॅकेट उजेडात धरून बघायला लागले. "चमकतंय की!" म्हणाले. "जावईबापू, तुमच्या पायगुणानं पास झालं."

लोणच्यात पास झालेला माल लगेच पेशंटला लागायचा, असंही नाही. मधे आणखी एक परीक्षा असायची, ती सरांच्या स्वतःच्या तोंडात. सरांनी साठी ओलांडलेली होती आणि दात जात्याच सरळ. तरी त्यांच्या दातांवर कायम तारा असायच्या. लग्नकार्यात लोक वळून वळून बघायचे. "लोकांचे नवरे या वयात कवळी लावतात, माझ्यानं तारा लावल्या," असं काकू सगळ्यांना सांगायच्या, आणि सांगताना त्यांनाच हसू यायचं. सर त्या तारांनिशी ऊस खायचे, भाजलेलं कणीस खायचे, मुद्दाम जाऊन नान-खलिया, म्हणजे मटणाचा रस्सा आणि चिवट नान, खायचे. नान ओढताना ब्रॅकेट निघून आलं की खूश होऊन ते रुमालात बांधून आणायचे आणि माझ्या टेबलावर ठेवायचे. आपल्या पेशंटला शेंगदाणे खायचे असतात, कडक भाकर खायची असते, मग परीक्षा दूधभातावर कशी घ्यायची, असा त्यांचा सवाल होता.

पेशंटला समजावण्याची त्यांची एक वेगळीच रीत होती. दातांची इंग्रजी नावं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नाहीत. समोरचे वरचे दोन म्हणजे नवरा-नवरी. त्यांच्या शेजारच्या दोघी करवल्या. सुळे म्हणजे मामा, कारण मामा दांडगा असतो आणि कोपऱ्यात उभा राहून सगळ्यांवर नजर ठेवतो. मागच्या दाढा चुलते. आणि अक्कलदाढ म्हणजे जावई. उशिरा येतो, आल्या आल्या जागा मागतो, आणि घरात सूज आणतो. "तुमची करवली नवरीच्या अंगावर चढून बसलीय, तिला जरा बाजूला सरकवू," असं ते आठ-दहा वर्षांच्या पोरीला सांगायचे आणि ती पोरगी भीती विसरून खिदळायची. सिल्लोडचे एक म्हातारे चाचा तोंड उघडायलाच तयार नव्हते. त्यांना सर म्हणाले, "मुँ खोलो मियाँ, शरमाना नक्को. जमाईराजा को देखना है." चाचा इतके हसले की सरांनी तेवढ्यात दाढ बघून घेतली.

एकदा एक गुळगुळीत बोलणारा विक्रेता आला. परदेशी कंपनीचे ब्रॅकेट म्हणे, निम्म्या भावात. सरांनी डबी उघडून बघितली, त्याची विचारपूस केली, चहा पाजला. मग खुर्चीकडं हात करून म्हणाले, "बसा. तुमच्याच तोंडात लावू आधी. फुकट."

"मला नको सर, माझे दात सरळच आहेत."

"माझे बी सरळच हायेत, तरी लावलेत ना!" आणि सरांनी आपली बत्तिशी दाखवली. विक्रेत्यानं चहा अर्धा टाकला आणि जिना उतरला. डबीसुद्धा विसरून गेला. ती अर्थात खिडकीत गेली.

मला हा माणूस फार आवडायचा. कटकट होती, वेळेचा पत्ता नसायचा, माझी शेवटची बस त्यांच्यामुळं किती वेळा चुकली असेल. पण त्यांच्याजवळ बसलं की आपण करतोय ते काम जगात सगळ्यांत मजेचं आहे, असं वाटायचं. त्यांना खरोखर चिडलेलं मी एकदाच पाहिलं, ते पिशोर गावची एक मुलगी आली तेव्हा.

ही मुलगी शहरात वसतिगृहात राहून शिकत होती. ओढणीनं तोंड झाकून आली आणि खुर्चीत बसल्यावरही ओढणी सोडेना. महिन्याभरात लग्न होतं. मुलगा सिल्लोडचा, मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरायचं, दुकान होतं त्याचं. घरच्यांनी जमवलं होतं, पण मुलगा तिला मनापासून आवडला होता. आता लग्नात चांगलं दिसावं म्हणून ही टीव्ही सेंटरकडच्या एका ब्युटी पार्लरमध्ये गेली. तिथं पाटी होती, 'फॅशन ब्रेसेस, एका बैठकीत'. म्हणजे दात सरळ करायला नाही, नुसत्या दागिन्यासारख्या तारा. रंगीत रबरं लावलेल्या. मैत्रिणी म्हणाल्या, लई भारी दिसतं, शहरातली वाटतेस. हिनं लावल्या आणि त्याच दिवशी फोटो काढून होणाऱ्या नवऱ्याला पाठवला. त्यानं नुसता अंगठा पाठवला. त्या अंगठ्याचा अर्थ काय, या काळजीत तिनं पुढचे दिवस काढले, आणि तोवर तोंडात काय चाललंय याकडं लक्षच गेलं नाही.

शेवटी ओढणी निघाली. हिरड्या जांभळ्या होऊन सुजलेल्या. ब्रॅकेट कसल्याशा झटपट गोंदानं चिकटवलेले, त्यांच्या कडांना गंजाची तांबडी रेघ. तार अशी ताठ की ती दातांना वाटेल तिकडं ओढत होती. समोरच्या दोनांतला एक दात बोटानं हलत होता. आणि मुळात तिचे दात कणसाच्या दाण्यांसारखे सरळ होते. त्यांना काहीच करायला नको होतं.

सर एकही विनोद न करता कामाला लागले. तो गोंद सोडवताना दातावरचं कवच निघू नये म्हणून इतक्या हळू हातानं काम करत होते की एकेक ब्रॅकेट सुटायला बराच वेळ लागत होता. सगळं निघालं, साफ झालं, तेव्हा त्यांनी हलणाऱ्या दाताला शेजारच्यांशी मागच्या बाजूनं केसासारख्या बारीक तारेनं बांधून टाकलं. बाहेरून काही दिसत नव्हतं.

"वाचंल," ते म्हणाले. "पोरी, वाचंल तुझा दात. हाड धरंल पुन्हा. पण त्याला दोन-तीन महिने काय चावायला लावायचं नाय. पेरू नाय, भाकर नाय, काय बी ओढायचं नाय."

मुलगी रडायला लागली. "सर, मग विडा?"

आमच्याकडं लग्न लागलं की विडा तोडायचा खेळ असतो. नवरी पानाचा विडा समोरच्या दातांत धरते, अर्धा बाहेर ठेवून. नवऱ्यानं पुढं होऊन तो अर्धा आपल्या दातांनी तोडायचा. आजूबाजूला दोन्हीकडची मंडळी आरडाओरडा करत उभी असतात. कोण ओढतंय, कोण सोडतंय, यावरून संसारात कोणाचं चालणार ते ठरवतात. मुलीच्या घरी तर विड्यात खोबऱ्याची जाड कातळी घालायची रीत होती, म्हणजे तो सहज तुटू नये.

"नाय तोडला तर म्हणतील पोरीत काय तरी खोट हाय," ती म्हणाली. "आन तोडताना दात हातात आला तर? समद्या पाव्हण्यांसमोर? घरी कोणाला म्हाईत नाय सर. दात हलतोय हे त्यांना बी नाय सांगितलं."

'त्यांना' म्हणजे नवऱ्याला.  सर टोपी घालून मला म्हणाले, "चला." पण जिन्यापाशीच थांबले आणि परत आत आले.

आम्ही थेट त्या पार्लरमध्ये गेलो असतो तर साधं भांडण झालं असतं. पण सर सरांसारखेच वागणार. त्यांनी मुलीच्या तोंडातून निघालेले ब्रॅकेट आणि तार आधी एका बरणीत घातले. आठवडाभर वाट बघितली. पोरीनं पुन्हा कोणाकडं जाऊ नये म्हणून तिला रोज दवाखान्यात बोलावलं, आणि आठवड्यानं बरणी पिशवीत घालून मला घेऊन निघाले.

पार्लरवाल्या ताई पस्तिशीच्या, हसऱ्या. सरांना बघून त्यांना वाटलं कोणी आजोबा नातीसाठी चौकशी करायला आलेत. सरांच्या तारा दिसल्यावर तर त्या हरखूनच गेल्या. "आजोबा, तुम्ही कुठनं लावल्या?"

"ते सांगतो. आधी हे चाखा," म्हणून सरांनी बरणी उघडून पुढं केली. "घरचं हाय."

ताईंनी आत डोकावून बघितलं. लोणच्याचा रस गढूळ झाला होता, आणि आत तांबडं किटण आलेली तार दिसत होती. "ई! हे काय?"

"तुमचाच माल. पिशोरच्या पोरीच्या तोंडातनं निघालेला. चाखा की."

"असलं कोणी खाईल का?"

"चाखवत नाय ना? ती पोरगी दिवसरात हेच चाखत व्हती ताई. तिच्या थुंकीत हेच मुरत व्हतं."

ताईंनी कपाटातून किटचा रिकामा खोका काढला. त्यांनी ते किट फोनवरून मागवलं होतं, वर स्टील असं छापलेलं होतं, आणि ते खरं असणार असं त्या धरून चालल्या होत्या. फसवायचं त्यांच्या मनात नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं. पाटी त्यांनी आमच्या समोरच उतरवली. सरांनी त्यांना ज्या ज्या पोरींना तारा लावल्या त्या सगळ्यांना दवाखान्यात पाठवायला सांगितलं, आणि पुढचे दिवस आम्ही त्या पोरींच्या तोंडातलं भंगार काढण्यात घालवले. कोणाकडून पैसा घेतला नाही. ताई स्वतः एकेकीला हाताला धरून घेऊन यायच्या.

इकडं दवाखान्यात विड्याची तालीम चालू झाली. सरांनी ठरवलं होतं की मुलीनं विडा समोरच्या दातांत न धरता जरा बाजूला, मामाच्या दातात धरायचा. सुळा मजबूत असतो, तो ओढ सहन करतो. आणि तोंड असं वळवायचं की बघणाऱ्यांना विडा मधेच धरलाय असं वाटावं. गुलमंडीतल्या पानवाल्याकडून रोज विडे यायचे. मुलगी विडा मामात धरायची आणि समोरून सर चिमट्यानं ओढायचे. सर नवरदेव! "लाज बाळगू नको, मला नवरा समजून डोळ्यांत बघ," असं ते म्हणाले की मुलीच्या तोंडातून विडा गळून पडायचा आणि मीही हसून बेजार व्हायचे. काकू तर डबा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. "या वयात दुसरं लग्न लावताय व्हय?" म्हणाल्या, आणि आत येऊन मुलीला मान कशी वळवायची ते स्वतः दाखवलं.

लग्नाला सर, काकू आणि मी असे तिघं गेलो, सरांच्या गाडीतून. सर लग्नाला गेले की नवरा-नवरीकडं कमी बघायचे आणि जेवणाऱ्यांच्या तोंडाकडं जास्त. कोण एका बाजूनं चावतंय, कोणाला कवळी टोचतेय, हे माझ्या कानात सांगत राहायचे. पिशोरच्या त्या मांडवात मात्र त्यांचं लक्ष फक्त नवरीवर होतं.  आपली स्वतःची पोरगी परीक्षेला बसल्यासारखी त्यांना काळजी लागली होती.

लग्न लागलं. नवरी हलणाऱ्या दाताच्या भीतीनं ओठ मिटून उभी होती, हे आम्हाला माहीतच होतं. पण नवरदेवही ओठ मिटून! फोटोवाला "हसा, हसा" म्हणून थकला. बायका कुजबुजल्या, "दोघं बी लई गंभीर हायेत बाई." कोणीतरी पेढा भरवायला गेलं तर नवरदेवानं मान फिरवली. मुलीच्या आईचा चेहरा उतरला. मुलगी माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं की तिला तो अंगठा आठवतोय. त्याला आपण आवडलो नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं असावं.

मग विडा आला. आत खोबऱ्याची जाड कातळी, लवंग टोचलेली. मुलीनं तालमीत शिकवल्याप्रमाणे तो मामात धरला, मान वळवली, डोळे मिटले. सर उठून उभे राहिले.

नवरदेव हलेना.

"अरं, तोड की!" त्याच्या मामानं पाठीवर थाप मारली. तो तसाच. सिल्लोडची मंडळी हसायला लागली, मग हसायची थांबली. पिशोरकडचे चुलते पुढं सरकले. असल्या वेळी एक शब्द वाकडा गेला तर दोन्हीकडच्यांची पिढ्यान्‌पिढ्या तोंडं फिरतात. मुलीनं डोळे उघडले, विडा तसाच तोंडात, आणि गालावरून पाणी ओघळलं.

ते बघून नवरदेवाला राहवलं नाही. "अगं नाय, तसं नाय," असं तो घाईनं म्हणाला, आणि बोलायला तोंड उघडलं तेव्हा सगळ्या मांडवाला दिसलं. त्याच्या दातांवर तारा होत्या. निळी रबरं लावलेल्या. आणि तार स्टीलची नव्हती, लालसर तांब्याची होती.

"फोनवरनं किट मागवलं," तो खालमानेनं सांगायला लागला. "परवाच लावलं, आरशात बघून. त्यातली तार लई भंगार निघाली, म्हणून मग दुकानातली वाइंडिंगची घातली. आता दुखतंय लई. तोंड उघडंना, विडा कसा तोडू?"

"कोणत्या गेजची? किती जाडीची?" सर एकदम ओरडले. त्यांना राहवेना. काकूंनी त्यांचा सदरा धरून खाली ओढलं.

मुलीनं तोंडातला विडा काढून हातात घेतला होता. "पण तुमचे दात सरळ हायेत," ती म्हणाली. "तुम्ही कायला लावलं?"

तो आणखी खाली बघायला लागला. "तू फोटो पाठवला ना. मला वाटलं, तुझ्या दाताला काय तरी दुखणं हाय. म्हणलं, लग्नात समदे तुलाच बघतील, नवरीला तार हाय म्हणून हसतील. दोघांना असली तर कोण कोणाला हसंल?"

 माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही. सरांनी तर चष्मा काढून खिशात घातला आणि मग चष्मा शोधायला लागले.

मुलगी हसली. ओठ उघडून, सगळे दात दाखवून हसली. तिच्या दातांवर तार नाही हे त्याला तेव्हा कुठं दिसलं, आणि त्याचं तोंड असं काही झालं की पिशोरची आणि सिल्लोडची मंडळी एकत्रच हसत सुटली. सर बोहल्यावर चढून त्याची हनुवटी धरून बघत होते. "जेवणं झाली की काढू. हत्यारं गाडीत हायेत. घाबरू नका नवरदेव, दोन दिवसांत काय बिघडत नाय."

म्हाताऱ्या मागून ओरडतच होत्या, "विडा! विडा राहिला!"

मुलीनं विडा हातानंच मधोमध तोडला. खोबऱ्याची कातळी काढून बाजूला ठेवली, लवंग काढली. अर्धा आपल्या तोंडात घातला आणि अर्धा त्याच्या ओठांशी नेला. तो समोरच्या दातांत धरायला गेला तशी तिनं हात मागं घेतला.

"पुढच्यानं नगा," ती म्हणाली. "दाढेखाली घ्या. सावकाश चावा. मी थांबते."